असोशिएटेड मिल्क प्रोड्यूसर्स व दूधनिधी प्रकरण

असोशिएटेड मिल्क प्रोड्यूसर्स, इन्कॉर्पोरेटेड : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दूध उत्पादक शेतकऱ्यांची एक मोठी सहकारी संस्था. टेक्सस व त्याच्या उत्तरेकडील राज्यांतील अनेक प्रादेशिक दूधसंघांच्या विलीनीकरणातून ती १९६९ मध्ये स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय प्रथम टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथे होते. दूध गोळा करणे, त्यावर प्रक्रिया करणे व ते विकणे ही कामे संस्था मोठ्या प्रमाणावर करीत असली, तरी तिचे नाव देशभर झाले ते तिने निवडणूक-निधीला दिलेल्या देणग्यांमुळे. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या कारकीर्दीत या देणग्यांवरून उद्‌भवलेले प्रकरण ‘दूधनिधी प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. शेतकऱ्यांच्या संघटनेने राजकारणात पैसा कसा घातला, त्यातून तिला काय मिळाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याची इतकी तपशीलवार नोंद अन्य क्वचितच एखाद्या प्रकरणात उपलब्ध असेल.

पार्श्वभूमी : दूध ही नाशवंत वस्तू. धान्याप्रमाणे ती कोठारात भरून भाव वाढण्याची वाट पाहता येत नाही. त्यामुळे एकटा उत्पादक खरेदीदारापुढे नेहमीच दुबळा ठरतो. या कारणास्तव अमेरिकेत दूधसंघांची चळवळ लवकर रुजली व १९२२ च्या कॅपर-व्होल्स्टेड अधिनियमाने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना मक्तेदारीविरोधी कायद्यांतून बरीचशी मोकळीक दिली. १९३७ च्या कृषिपणन अधिनियमान्वये निरनिराळ्या विभागांत दुधाचे किमान भाव ठरविण्याची पद्धत सुरू झाली. पुढे १९४९ च्या कृषी अधिनियमाने दुधाची आधारकिंमत समता किमतीच्या ७५ ते ९० टक्के या मर्यादेत ठरविण्याचा अधिकार कृषिमंत्र्यास दिला. समता किंमत म्हणजे १९१०–१४ या काळात शेतमालाच्या विक्रीतून शेतकऱ्याला जी क्रयशक्ती लाभत असे, तेवढीच आजही मिळवून देणारी किंमत. बाजारभाव आधारकिमतीखाली जाऊ लागला, की सरकारी महामंडळ लोणी, चीज व दुधाची भुकटी खरेदी करून तो सावरून धरी.

या व्यवस्थेत एक गोष्ट महत्त्वाची होती. पंचाहत्तर आणि नव्वद यांमधील नेमका आकडा कोणता, हे बाजार ठरवीत नसून कृषिमंत्री, म्हणजेच अखेर राष्ट्राध्यक्ष, ठरवीत असे. गाई वाढवून किंवा खर्च कमी करून जे साधण्यास वर्षे लागली असती, ते एका सहीने साधण्यासारखे होते. दूधसंघांचे लक्ष गोठ्याकडून वॉशिंग्टनकडे वळले, ते यामुळे.

देणगीनिधीची रचना : संस्थेचे पहिले महाव्यवस्थापक हॅरल्ड नेल्सन व त्यांचे सहकारी डेव्हिड पार यांनी राजकीय कार्याला आरंभापासूनच अग्रक्रम दिला. १९०७ च्या टिलमन अधिनियमानुसार निगमित संस्थांना राष्ट्रीय निवडणुकांसाठी देणगी देण्यास मनाई होती. हीच मनाई सहकारी निगमांनाही लागू होती. यावर उपाय म्हणून १९६९ मध्ये एक स्वतंत्र न्यास स्थापण्यात आला. ‘ट्रस्ट फॉर ॲग्रिकल्चरल पोलिटिकल एज्युकेशन’ असे त्याचे नाव असून आद्याक्षरांवरून त्यास ‘टेप’ म्हणत. (ध्वनिफितींनी ज्या राष्ट्राध्यक्षाचा घात केला, त्याच्याच कारकीर्दीत या न्यासाला हे नाव मिळावे, हा योगायोग त्या काळच्या वृत्तपत्रांना न सुचता तरच नवल.) मिझुरीतील मिड-अमेरिका डेअरीमेन आणि केंटकीतील डेअरीमेन, इन्कॉर्पोरेटेड या दोन मोठ्या दूधसंघांनीही अनुक्रमे ‘ॲडेप्ट’ व ‘स्पेस’ या नावांचे असेच न्यास काढले.

टेपचा निधी सभासदांच्या दुधाच्या बिलातूनच कापून घेतला जाई. सभासदाने संमतिपत्रावर सही केली, की त्याच्या दुधाच्या एकूण रकमेचा एक तृतीयांश टक्का, मात्र वर्षाकाठी ९९ डॉलरांपेक्षा अधिक नाही, इतकी वर्गणी न्यासाकडे जमा होई. या ९९ आकड्यात रचनाकारांचे कौशल्य दिसते : शंभर वा अधिक डॉलर देणाऱ्यांची नावे जाहीर करण्याचे बंधन १९२५ च्या भ्रष्टाचार-प्रतिबंधक निवडणूक कायद्यात होते. एक डॉलर कमी घेतल्याने हजारो वर्गणीदारांची नावे देण्याची गरजच उरली नाही. पूर्ण वर्गणी देणारे दहा हजार सभासद मिळाले, तरी सु. दहा लाख डॉलर जमतात; आणि संस्थेचे सभासद याच्या कितीतरी पट होते. वर्गणी ऐच्छिक होती, हे खरे. पण दूध घेणारी, त्याचे पैसे देणारी आणि संमतिपत्र पुढे करणारी संस्था एकच असताना नाही म्हणणे लहान शेतकऱ्याला कितपत सोपे होते, हा प्रश्न उरतोच. पैसे कोणाला द्यावयाचे यावर सभासदांचे मत घेतले जात नसे. तो निर्णय मूठभर अधिकारी घेत.

कायद्यानुसार देणगीदाराने एका समितीला द्यावयाच्या रकमेवर मर्यादा होती. परंतु समित्या किती असाव्यात यावर ती नव्हती. त्यामुळे एकाच उमेदवारासाठी कागदोपत्री अनेक समित्या स्थापून त्यांत २,५०० डॉलरांच्या धनादेशांची वाटणी करण्याची पद्धत पडली. तीन हजारांवरील देणगीस लागणारा दानकरही त्यामुळे टळे. दबावकार्याच्या खर्चाची स्थिती याहून शिथिल होती. १९४६ च्या लॉबी-नियमन अधिनियमाचा रोख काँग्रेसवर होता आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मधील हॅरिस खटल्यात त्याचा अर्थ आणखी मर्यादित करून काँग्रेस-सदस्यांशी प्रत्यक्ष संपर्कापुरता तो आणून ठेवला. व्हाइट हाउस किंवा कृषिखाते यांच्याकडे रदबदली करण्यासाठी वकिलांना दिलेले शुल्क त्यात येतच नव्हते. संस्थेने नेमका हाच मार्ग धरला. माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या कार्यालयात काम केलेले वकील, तसेच निक्सन यांच्या निकटवर्तुळातील वकील अशा दोन्ही बाजूंच्या मंडळींना तिने कामास लावले.

एक लाख डॉलर : १९६८ च्या निवडणुकीत दूधसंघांचा कल डेमोक्रॅटिक पक्षाकडे होता. निक्सन निवडून आल्यावर नव्या प्रशासनात प्रवेश मिळविण्याची निकड भासू लागली. १९६९ च्या ऑगस्टमध्ये संस्थेच्या वकिलाने एक लाख डॉलर रोख रक्कम निक्सन यांचे खाजगी वकील हर्बर्ट कामबाक यांच्या हाती दिली. ही रक्कम प्रथम टेपच्या खात्यातून काढण्यात आली. परंतु न्यासाला आपला जमाखर्च जाहीर करावा लागे व रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षाच्या वकिलास दिलेली रोकड त्यात दाखविणे अडचणीचे होते. म्हणून एका अधिकाऱ्याने स्वतःच्या नावे बँकेतून एक लाखाचे कर्ज काढून न्यासाची तूट भरली. हे कर्ज फेडण्यासाठी संस्थेच्या वकिलांनी व सल्लागारांनी त्यास पैसे दिले आणि फुगविलेल्या बिलांच्या रूपाने ते संस्थेकडून वसूल केले. त्यांना त्या उत्पन्नावर भरावा लागणारा करही बिलात धरलेला असे. थोडक्यात, निगमाच्या तिजोरीतील पैसा, म्हणजे दुधाचा पैसा, वळणावळणाने कायद्याने वर्ज्य केलेल्या जागी गेला. पुढे सीनेटच्या चौकशी समितीने ही साखळी दुव्यादुव्याने उलगडून दाखविली.

१९७० च्या सप्टेंबरात नेल्सन व पार यांना राष्ट्राध्यक्षांची अल्प भेट मिळाली. त्याच सुमारास वीस लाख डॉलर देण्याच्या आश्वासनाची वार्ता व्हाइट हाउसच्या कागदपत्रांत दिसू लागते. १६ डिसेंबर १९७० रोजी संस्थेच्या एका वकिलाने राष्ट्राध्यक्षांच्या नावे पत्र लिहिले. त्यात काही दुग्धपदार्थांच्या आयातीवर निर्बंध घालण्याची मागणी होती व त्याच पत्रात पुनर्निवडणुकीसाठी वीस लाख डॉलर देण्याची व्यवस्था चालू असल्याचा उल्लेखही होता. मागणी आणि देणगी एकाच कागदावर इतक्या उघडपणे मांडणे ही त्या काळाच्या बेफिकिरीची साक्ष होय. डिसेंबर अखेरीस आयात-निर्बंधांची घोषणा झाली. मात्र संस्थेला हवे तितके ते कडक नव्हते.

१९७१ ची किंमतवाढ : १२ मार्च १९७१ रोजी कृषिमंत्री क्लिफर्ड हार्डिन यांनी १ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या वर्षासाठी दुधाची आधारकिंमत पूर्वीचीच, म्हणजे दर शंभर पौंडांस (सु. ४५ किग्रॅ.) ४ डॉलर ६६ सेंट, राहील असे जाहीर केले. किंमत वाढविल्यास उत्पादन बेसुमार वाढेल व सरकारला लोणी-चीज खरेदी करीत बसावे लागेल, असे कृषिखात्याच्या तज्ज्ञांचे मत होते. दूधसंघांनी तत्काळ दुहेरी मोहीम उघडली. काँग्रेसमध्ये आधारकिंमत किमान ८५ टक्के समतेवर नेणारी विधेयके भराभर सादर झाली. प्रतिनिधिगृहातील शंभराहून अधिक सदस्यांनी व सीनेटच्या पंचवीसहून अधिक सदस्यांनी त्यांना नावे दिली. त्यांपैकी अनेकांना या संघांकडून निवडणूक-देणग्या मिळालेल्या होत्या. दुसरी मोहीम व्हाइट हाउसच्या दिशेने होती.

पुढील घटनाक्रम तारखांनुसार पाहणे उद्‌बोधक आहे. २२ मार्च रोजी टेपने रिपब्लिकन समित्यांना १०,००० डॉलर दिले. २३ मार्चच्या सकाळी दूधसंघांच्या नेत्यांची राष्ट्राध्यक्षांशी बैठक झाली. त्याच दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास निक्सन यांनी हार्डिन, अर्थमंत्री जॉन कॉनली, जॉन अर्लिकमन, जॉर्ज शुल्ट्‌झ इ. सल्लागारांसह या प्रश्नावर खल केला. तेथे कॉनली यांनी किंमतवाढीचा जोरदार पुरस्कार केला. दूध उत्पादक या वर्षी आपले राजकीय मित्र निवडणार आहेत व निवडणुकांत भरपूर पैसा खर्च करणार आहेत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. बैठकीत वाढीचा निर्णय झाला. मात्र तो लगेच जाहीर झाला नाही. त्या रात्री नेल्सन व पार विमानाने लुइव्हिलला गेले आणि पहाटे विमानतळावरच डेअरीमेन, इन्कॉर्पोरेटेडच्या प्रमुखांना गाठून त्यांनी पैशाची निकड सांगितली. २४ तारखेला ‘स्पेस’ने रिपब्लिकन पक्षाच्या निधिभोजनासाठी २५,००० डॉलर दिले. भोजनोत्तर वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात नेल्सन, कामबाक व निक्सन यांचे जुने राजकीय सल्लागार मरी चॉटिनर एकत्र आले आणि तेथे वीस लाखांच्या आश्वासनाचा पुनरुच्चार झाला. २५ मार्च रोजी कृषिखात्याने आपला तेरा दिवसांपूर्वीचा निर्णय फिरवून ४ डॉलर ९३ सेंट, म्हणजे समतेच्या ८५ टक्के, ही नवी आधारकिंमत जाहीर केली.

वाढ शंभर पौंडांमागे २७ सेंटांची, म्हणजे लिटरमागे अर्ध्या सेंटाहून किंचित अधिक होती. ग्राहकाला ती जाणवलीही नसती. परंतु त्या वर्षी देशातील दूध उत्पादन सु. ११,८०० कोटी पौंड होते. सर्व दुधाचा भाव तेवढाच चढला असे धरल्यास ही रक्कम वर्षाला तीस कोटी डॉलरांपलीकडे जाते. तिच्याशी तुलना करता वीस लाखांचे आश्वासन शंभरातील एक भागही नव्हते. राजकीय देणगी हा एखाद्या उत्पादक संघाला सर्वांत किफायतशीर खर्च का वाटतो, हे या दोन आकड्यांवरून कळते. लाभ थोड्यांच्या पदरात ढीगभर पडतो व भार कोट्यवधींवर कणाकणाने विभागला जातो. त्यामुळे विरोधासाठी कोणी संघटित होत नाही. दुसरीकडे हेही नमूद केले पाहिजे, की खाद्य व मजुरी महागल्याने लहान उत्पादक खरोखरच अडचणीत होते आणि त्यांची मागणी निराधार नव्हती. मागणी रास्त असूनही ती मान्य होण्यासाठी रोकड द्यावी लागते अशी नेत्यांची समजूत झाली, आणि सरकारने ती खोटी ठरविली नाही, हे या प्रकरणाचे मर्म होय.

आश्वासित वीस लाख डॉलर कधीच पूर्ण दिले गेले नाहीत. १९७१ मध्ये समित्या-समित्यांतून काही लाख देण्यात आले. सप्टेंबरमध्ये निक्सन यांनी शिकागो येथे संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात भाषण केले. याच सुमारास ‘पीपल युनायटेड फॉर गुड गव्हर्नमेंट’ असे भारदस्त नाव धारण केलेल्या एका समितीला दिलेल्या ५,००० डॉलरांचा उपयोग डॅनिएल एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या कार्यालयात झालेल्या घरफोडीचा खर्च भागविण्यासाठी झाला. व्हाइट हाउसमधील चार्ल्स कोल्सन यांनी त्यासाठी घेतलेली उसनवारी या पैशातून फेडण्यात आली. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या वर्गणीचा हा प्रवास स्वप्नातही सुचला नसता.

चौकशी व खटले : ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांच्या संघटनेने जानेवारी १९७२ मध्ये किंमतवाढीविरुद्ध कृषिमंत्र्यांवर दावा लावला. त्यातून अनेक कागदपत्रे उजेडात आली. (या दाव्यातील वकिलाने न्यायालयामार्फत मिळालेली व्हाइट हाउसची ध्वनिफीत डिसेंबर १९७३ मध्ये एका मेजवानीत पाहुण्यांना ऐकविली व नंतर त्याबद्दल त्यास माफी मागावी लागली.) १ फेब्रुवारी १९७२ रोजी न्यायखात्याने संस्थेवर मक्तेदारीविरोधी दिवाणी दावा दाखल केला. नेल्सन यांच्या जागी याच सुमारास जॉर्ज मेहरन हे महाव्यवस्थापक झाले होते. त्यांच्या काळात संस्थेने टेपऐवजी ‘सी-टेप’ ही नवी समिती काढली व ऑक्टोबर १९७२ मध्ये तिच्यातर्फे रिपब्लिकन पक्षाच्या काँग्रेस-निवडणूक समित्यांना ३,५२,५०० डॉलर दिले.

वॉटरगेट प्रकरणाच्या ओघात सीनेटच्या निवड समितीने दूधनिधीची स्वतंत्र चौकशी केली व १९७४ च्या आपल्या अहवालात त्यावर मोठे प्रकरण लिहिले. तत्पूर्वी ८ जानेवारी १९७४ रोजी व्हाइट हाउसने एक निवेदन काढून आपली बाजू मांडली. देणग्यांविषयी राष्ट्राध्यक्षांना माहिती होती, हे त्यात मान्य केले होते; परंतु किंमतवाढीचे कारण काँग्रेसचा वाढता दबाव हे होय, देणग्या नव्हेत, असा त्यातील दावा होता. हा दावा सर्वस्वी पोकळ म्हणता येत नाही, कारण विधेयके खरोखरच सादर झाली होती. पण काँग्रेसवरील दबावही त्याच संस्थांनी व काही अंशी त्याच निधीतून निर्माण केला होता, ही गोष्ट निवेदनात आली नाही. प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीने हे प्रकरण तपासले. मात्र निक्सन यांच्यावरील महाभियोगाच्या कलमांत त्याचा समावेश केला नाही. किंमतवाढ व देणगी यांच्या सौद्याबद्दल कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही.

शिक्षा झाल्या त्या बेकायदा देणग्यांबद्दल. १ ऑगस्ट १९७४ रोजी संस्थेने स्वतः कटाचा व बेकायदा देणग्यांचा गुन्हा कबूल केला. तिला ३५,००० डॉलर दंड झाला. नेल्सन व पार यांनीही गुन्हा कबूल केला. नोव्हेंबरमध्ये त्यांना प्रत्येकी तीन वर्षे कैद, त्यांपैकी चार महिने वगळता बाकीची तहकूब, व १०,००० डॉलर दंड अशी शिक्षा सुनावण्यात आली. पैसा केवळ एका पक्षाकडे गेला नव्हता. डेमोक्रॅटिक पक्षाचे ह्यूबर्ट हंफ्री यांच्या १९७० च्या सीनेट-निवडणुकीसाठी संस्थेचे १२,००० डॉलर स्वीकारल्याबद्दल त्यांचे प्रचारप्रमुख जॅक चेस्टनट यांना १९७५ मध्ये दोषी ठरविण्यात आले. प्रतिनिधिगृहातील बलाढ्य नेते विल्बर मिल्स यांच्या १९७२ मधील राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीवरही संस्थेने निगमनिधीतून खर्च केला होता.

सर्वांत गाजलेला खटला कॉनली यांच्यावरील होय. संस्थेचे वकील जेक जेकबसन यांच्याकडून किंमतवाढीच्या मदतीबद्दल १०,००० डॉलर घेतल्याचा आरोप त्यांच्यावर जुलै १९७४ मध्ये ठेवण्यात आला. जेकबसन फिर्यादी पक्षाशी तडजोड करून त्या पक्षाचे साक्षीदार झाले. बचावाचे काम नामवंत वकील एडवर्ड बेनेट विल्यम्स यांनी पाहिले; कॉनलींच्या चारित्र्याची ग्वाही देण्यास लिंडन जॉन्सन यांच्या पत्नी, काँग्रेस-सदस्या बार्बरा जॉर्डन व धर्मोपदेशक बिली ग्रॅहम हे न्यायालयात आले. १७ एप्रिल १९७५ रोजी ज्यूरीने कॉनली यांना निर्दोष ठरविले.

शेतकरी सभासदांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो संस्थेच्या संचालकांनीच नेमलेल्या एका विधिसंस्थेचा मार्च १९७४ मधील अहवाल. अमेरिकन बार असोसिएशनचे माजी अध्यक्ष एडवर्ड राइट यांच्या नावाने तो ओळखला जातो. अधिकाऱ्यांनी निगमाचा पैसा राजकारणात कसा वळविला याचे त्यात सविस्तर वर्णन आहे. सभासदांना आपल्या दुधाच्या पैशाचा हिशेब असा तिऱ्हाइताकडून कळला.

परिणाम : १९७१ चा राष्ट्रीय निवडणूक-प्रचार अधिनियम ७ एप्रिल १९७२ पासून अंमलात आला व देणग्या जाहीर करण्याची पद्धत कडक झाली. वॉटरगेटनंतर १९७४ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती होऊन राष्ट्रीय निवडणूक आयोगाची स्थापना झाली आणि राजकीय कृतिसमित्यांच्या देणगीस दर उमेदवारामागे, दर निवडणुकीस ५,००० डॉलर अशी मर्यादा पडली. त्याचबरोबर सहकारी संस्थांना सभासदांकडून वर्गणी घेऊन अशा समित्या चालविण्याचा अधिकार स्पष्ट झाला. दूधनिधी त्यामुळे आटला नाही. लहानलहान रकमांत, पण नियमितपणे, तो अधिक सदस्यांपर्यंत पोहोचू लागला. १९७० नंतरच्या दशकात दूधसंघांच्या समित्या देशातील सर्वांत मोठ्या समित्यांत मोडत. १९७७ च्या कृषी अधिनियमाने आधारकिमतीची किमान पातळी समतेच्या ८० टक्क्यांवर नेली. कृषिखात्याच्या तज्ज्ञांची १९७१ मधील भीती मग खरी ठरली : सरकारी शीतगृहे लोणी व चीज यांनी भरून गेली आणि डिसेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना तीन कोटी पौंड चीज गरजूंना वाटण्याचा आदेश द्यावा लागला.

लॉबी-कायद्यातील उणीव भरून निघण्यास अधिक काळ लागला. १९९५ च्या लॉबी-प्रकटन अधिनियमाने प्रशासनाकडील रदबदलीही नोंदणीच्या कक्षेत आणली व २००७ च्या कायद्याने खर्चाचे अहवाल दर तिमाहीस देणे बंधनकारक केले. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील सिटिझन्स युनायटेड निर्णयानंतर निगमांना उमेदवारापासून स्वतंत्रपणे निवडणुकीवर खर्च करण्याची मोकळीक मिळाली. उमेदवारास थेट देणगी देण्यावरील १९०७ ची मनाई कायम राहिली.

न्यायखात्याचा मक्तेदारीविरोधी दावा १९७५ मध्ये संमतिहुकुमाने मिटला व संस्थेच्या काही विक्रीपद्धतींवर बंधने आली. नॅशनल फार्मर्स ऑर्गनायझेशन या प्रतिस्पर्धी शेतकरी संघटनेने १९७१ मध्ये सुरू केलेले कज्जे मात्र पुढे दीड तपाहून अधिक काळ चालले. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने मोठ्या दूधसंघांनी त्या संघटनेला बाजारातून हुसकावण्याचा कट केल्याचा निष्कर्ष काढला. लहान शेतकऱ्यांना मक्तेदारीपासून संरक्षण म्हणून मिळालेली सवलत दुसऱ्या शेतकऱ्यांविरुद्धच वापरली गेल्याचा हा दाखला आहे.

१९९८ मध्ये संस्थेचा दक्षिण विभाग मिड-अमेरिका डेअरीमेन व अन्य दोन संघांबरोबर विलीन होऊन ‘डेअरी फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही देशातील सर्वांत मोठी दूध सहकारी संस्था निर्माण झाली. उत्तर विभाग असोशिएटेड मिल्क प्रोड्यूसर्स याच नावाने मिनेसोटातील न्यू अल्म येथून मुख्यत्वे चीज व लोणी यांचे उत्पादन करीत राहिला. ज्या आधारकिंमत-योजनेसाठी १९७१ मध्ये एवढी धडपड झाली, ती २०१४ च्या कृषी अधिनियमाने रद्द झाली आणि तिच्या जागी दुधाचा भाव व खाद्याचा खर्च यांतील अंतरावर आधारलेली विमापद्धती आली.